रुमालाखालची बोली

तुरीच्या डाळीत खडा कुठे आहे हे मला शोधावं लागत नाही. सुपात डाळ पसरली, एकदा हलवली, की बोट आपोआप त्या जागी जातं. लातूरच्या एमआयडीसीत वैजनाथअप्पांच्या डाळमिलमध्ये मी अठ्ठावीस वर्षं हेच काम केलं. याचा तोटा एवढाच, की घरी आल्यावरही डोळा गप्प बसत नाही. सून हसून बोलली की मला वाटतं, आज हिला काय हवंय. शेजारीण उसनी साखर परत करायला आली की मी आधी वाटीच्या तळाशी बघते. नवरा होता तोवर म्हणायचा, "शिवगंगे, देवानं तुला बाई केलं त्यापेक्षा चाळणी केली असती तर बरं झालं असतं." तो गेला, पण बोलला ते खोटं नव्हतं. हे सगळं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना मी कोण आहे ते तुमच्या ध्यानात राहील.

मिलमध्ये डाळ निवडणाऱ्या आम्ही सव्वीस बायका. दिवाळी झाली आणि गोडाऊनमध्ये निळ्या ताडपत्रीखाली चार मोठी लाकडी खोकी येऊन पडली. खोक्यांत काय आहे ते आम्हाला कुणी सांगितलं नाही, पण मिलचा वायरमन विनोद चहा पिताना बोलून गेला. डाळ वरून पडते, कॅमेरा बघतो, खडा किंवा काळा दाणा दिसला की हवेची फुंकर मारून बाजूला उडवतो. चालवायला माणसं दोन. आम्ही त्याला डोळ्याचं मशीन म्हणायला लागलो. त्याला मोतीबिंदू होत नाही, त्याचं पोर आजारी पडत नाही, आणि ते येळवशीला, वेळा अमावस्येच्या सणाला, सुट्टी मागत नाही.

आमची युनियन तीन वर्षांची. नांदेडच्या ऑफिसातली माणसं येऊन बांधून देऊन गेली होती आणि जाताना दोन गोष्टी घोकून घेतल्या होत्या. कोऱ्या कागदावर सही करायची नाही, आणि मालकाकडे एकटीनं जायचं नाही. जायचं तर दोघींनी. पुढारी पंचशीला. पन्नाशीची, ताठ चालणारी, कमी बोलणारी. तिचा बाप निवृत्ती गंजगोलाईच्या जुन्या बाजारात हमाल होता, त्यामुळे पोती, वजनं, व्यापारी यांच्यातच ती वाढलेली. तिची मुलगी मनिषा बारावी होऊन कॉम्प्युटरचा कोर्स करून घरी बसली होती. दुसरी जाणारी मी. मला का निवडलं, तर मला कुणी फसवू शकत नाही असा सगळ्यांचा समज होता. माझाही होता.

मागणी साधी होती. मशीन आणा, आम्ही अडवत नाही, पण त्यापायी एकही बाई घरी जाता कामा नये. पॅकिंग आहे, पोती शिवायची आहेत, तिकडे घ्या. अप्पांचा मुलगा शिवशंकर पुण्यात शिकून आला होता आणि मिलचा सगळा कारभार तोच बघायचा. फक्त सही अजून अप्पांची चालायची. त्याचं एकच पालुपद, अकराच्या वर एक बाई ठेवणार नाही. शेवटी प्रकरण सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे गेलं आणि त्यांनी शुक्रवारी सकाळची तारीख दिली. त्याआधी मंगळवारी अप्पांनी आम्हाला बोलावणं धाडलं.

अप्पांना खुर्ची आवडत नाही. केबिनच्या कोपऱ्यात त्यांनी गादी टाकून घेतलीय, तिच्यावर ते मांडी घालून बसतात. त्या दिवशी शिवशंकर टेबलाशी मोबाइल बघत बसला होता. आम्ही दोघी गादीसमोर चटईवर बसलो. अप्पा म्हणाले,

"पंचशीला, तू निवृत्ती हमालाची पोरगी न्हव का?"

"हाव."

"मग तुला बोली समजती का? हाताची?"

"समजती, अप्पा. बापाजवळ बसून बघितलेलं हाय."

अप्पांनी खांद्यावरचा रुमाल काढला, उजव्या हातावर पसरला आणि हात तिच्यापुढे केला.

गंजात, त्या जुन्या बाजारात, पूर्वी धान्याचे सौदे असेच व्हायचे. घेणारा आणि देणारा रुमालाखाली एकमेकांचा हात धरायचे. एक बोट दाबलं की एक, चार दाबली की चार, आख्खा पंजा धरला की पाच, आकडा मोठा असला तर आधी दशक, मग एकक. भोवती पन्नास माणसं उभी असायची, पण आकडा कळायचा तो त्या दोघांनाच. आता तिथे लिलाव उघड होतो, ही पद्धत अप्पांच्या वयाच्या माणसांच्या बोटांतच उरलीय. ती बायकांशी कुणी केल्याचं मी आजवर ऐकलं नव्हतं.

आणि अप्पांनी तर अठ्ठावीस वर्षांत पंचशीलाच्या हाताला हात लावला नव्हता. दिवाळीची साडी माझ्या हातात द्यायचे, तिची कठड्यावर ठेवायचे. मग ती तिथून उचलून घ्यायची. हे मला दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही. दिसत होतं, फक्त मला त्याचं काही वाटत नव्हतं.

पंचशीलानं पदराला हात पुसला. क्षणभर रुमालाकडे बघितलं आणि हात आत घातला.

मी तिच्या कोपराला कोपर लागेल एवढी जवळ बसले होते. डोळे फाडून त्या रुमालाकडे बघत होते. कापड दोनदा हललं. अप्पांनी मान हलवली, नाही म्हणून. पुन्हा हललं. मग बराच वेळ कापडाखाली बारीक हालचाल चालली होती. त्यानंतर पंचशीलानं मान खाली घातली, आणि खाली बघतच तिनं काहीतरी केलं, कारण रुमालाचं टोक थरथरलं. अप्पा हसले. हात सुटले.

"काय चाललंय अप्पा हे?" शिवशंकर म्हणाला. "कागदावर लिहा ना, काय ठरलं ते."

"शुक्रवारी लिहूच की. तू तुझा मोबाइल बघ."

खरं सांगायचं तर मला पहिल्यांदा टोचला तो आकडा नव्हे. मला टोचला तो हात. मी अप्पांच्या जातीची. माझं माहेर निलंग्याकडचं, त्यांच्या गावापासून दोन कोसांवर. त्यांच्या घरच्या लग्नांत मी पोळ्या लाटल्यात. आणि पहिल्यांदा हात पुढे केला तो तिच्यापुढे. माझ्या पोटात दुखलं, आणि पोटात दुखलं की माझा डोळा आणखी बारीक होतो.

बाहेर आल्या आल्या मी तिला धरलं. "किती?"

"शुक्रवारी कळंल."

"अगं, मी काय परकी हाय का? शेजारी बसलेली मी!"

"बोली सांगायची नसती, शिवगंगा. चार दिवस दम धर. वाईट न्हाई झालं."

वाईट नाही झालं. कुणाचं? हे मी तिला विचारलं नाही, मनातच ठेवलं. दिवसभर डाळ पाखडत होते आणि तेच वाक्य खालीवर होत होतं. सगळ्यांचं भलं झालं असतं तर माणूस "लई चांगलं झालं" म्हणतो. "वाईट न्हाई झालं" असं तो म्हणतो, ज्याचं स्वतःचं काम झालेलं असतं. आणि मान का खाली घातली तिनं?

बुधवारी दुपारी मी शेडच्या कडेला डबा उघडून बसले होते. शिवशंकर चालत चालत आला आणि माझ्याजवळ थांबला.

"मावशी, जेवलात का?"

त्या घरातल्या पोरानं अठ्ठावीस वर्षांत मला जेवलात का म्हणून विचारलं नव्हतं. सगळ्या जगाच्या डाळीत खडे शोधणारी मी, मला तिथे काही दिसलं नाही. मावशी म्हणाला ना तो!

"काल तुम्ही शेजारीच होतात. किती ठरलं हो?"

"मला काय ठावं, दादा. रुमालाखाली झालं."

"पण बाहेर गेल्यावर सांगितलं असेल ना पंचशीलाबाईंनी?"

"न्हाई सांगितलं."

"तुम्हालासुद्धा नाही? कमाल आहे. बाकी काही नाही, अप्पा काल घरी म्हणत होते, ऑफिसात कॉम्प्युटरवर एक मुलगी घ्यायची आहे. मी म्हटलं, एकदम हे कुठून निघालं? असो. जेवा तुम्ही."

एवढंच बोलून तो गेला. एकही खोटा शब्द बोलला नाही. मी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून बसले. कॉम्प्युटरची मुलगी. मनिषा. मान खाली घालून मागितलेली गोष्ट ती हीच, आणि माझं बोट बरोबर तिच्यावर पडलं होतं. पुढचं सगळं मी माझ्या मनानं जोडलं.

गुरुवारी सुट्टी झाल्यावर गेटबाहेरच्या लिंबाखाली सभा बसली. मीच बोलावली होती. अप्पांनी रुमाल पसरला, पंचशीलानं हात दिला, मला काही सांगितलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात कॉम्प्युटरवर मुलगी घ्यायची गोष्ट निघाली, एवढं मी सगळ्यांपुढे सांगितलं. मीही एकही खोटा शब्द बोलले नाही.

हिशोब पारूबाईनं केला. पारूबाई माझ्या शेजारी बसून डाळ निवडते, तिला बोटांवर सगळं करता येतं. "हिच्या वस्तीतल्या बाया धा. अन् हिची पोरगी एक. किती झाल्या? अकरा. अन् शिवशंकर काय म्हणतंय? अकरा!"

सगळीकडे कुजबुज सुटली. पंचशीलाच्या वस्तीतली तारामती उठून काहीतरी बोलेल असं मला वाटलं होतं. ती उठलीही. पण म्हणाली, "मलाबी काय सांगितलं न्हाई तिनं. मी दोनदा इचारलं." आणि खाली बसली. त्यानंतर पंचशीलाच्या बाजूनं बोलणारं कुणी राहिलं नाही.

पंचशीला उभी होती. "उद्या सकाळी साहेबापुढं कळंल की. एका रातीचा सवाल हाय."

"आत्ता सांगाया काय हुतंय?" पारूबाईनं विचारलं.

"सांगता येत असतं तर सांगितलं असतं."

"बरं, आकड्याचं ऱ्हाऊ दे," पारूबाई म्हणाली. "हात कशाला दिलास गं त्याच्या हातात? ह्या वयात?"

दोघीचौघी हसल्या. मी हसले नाही, पण कुणाला थांबवलंही नाही.

पंचशीलानं पारूबाईकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. "शिवगंगा, तू तिथंच होतीस. सांग की हिला."

"मला रुमालाखालचं काय दिसतंय?" मी म्हणाले.

तिनं डब्याची पिशवी उचलली आणि ती रस्त्याला लागली. मागे आम्ही हात वर करून ठराव केला. वीस हात वर झाले. पंचशीलाला काढलं, तिच्या जागी मला केलं, आणि माझ्यासोबत पारूबाईनं जायचं ठरलं. घरी जाताना मला फार हलकं वाटत होतं, ते आठवलं की आता मला माझाच राग येतो.

शुक्रवारी कामगार अधिकारी साहेबांच्या ऑफिसात एका बाजूला अप्पा आणि शिवशंकर, दुसऱ्या बाजूला मी आणि पारूबाई. अप्पांनी धुवट धोतर नेसलं होतं, खिशाला पेन लावलेलं. पेन लावून आलेले अप्पा मी कधी बघितले नव्हते. साहेबांनी विचारलं, कामगारांतर्फे कोण? मी ठरावाचा कागद पुढे केला. साहेबांनी वाचला आणि अप्पांकडे दिला.

अप्पांनी तो लांब धरून वाचला. दोनदा वाचला.

"पंचशीला कुठाय?"

"काढलं तिला," पारूबाई म्हणाली. "इस्वास न्हाई ऱ्हायला."

"तुमीच काढलं? का हेनं काढाया लावलं?" त्यांनी मान न वळवता मुलाकडे बोट केलं. शिवशंकर खिडकीबाहेर बघत होता.

"आमीच काढलं," मी म्हणाले. "अप्पा, काय ठरलं होतं ते तुमी आता सांगा. आमी ऐकतो."

अप्पांनी ठरावाचा कागद घडी करून माझ्याकडे सरकवला. "तिच्या हाताशी बोली झाली होती, तुझ्या न्हाई. गंजात माणूस उठला की बोली उठती. अन् ते सोड. तुमचाच तुमच्या माणसावर इस्वास न्हाई, मग मी कुणाच्या भरवशावर घरात भांडण लावून घिऊ?"

ते उठले. साहेब म्हणाले, बसा, बोलू. पण ते बाहेर जाऊन गाडीत बसले. शिवशंकरनं पिशवीतून टाइप केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. अकरा बायका कायम ठेवणार, नावं कामाची पाहणी करून मिल ठरवणार, बाकीच्यांना नियमाप्रमाणे पैसे देऊन मोकळं करणार. कागदावर तारीख बुधवारची होती. बुधवारी दुपारी मी डबा उघडून बसले होते, तेव्हाच तो कागद तयार होता. साहेबांनी सोमवारपर्यंत मुदत दिली. तोवर जमलं तर ठीक, नाहीतर प्रकरण कोर्टाकडे जाईल, आणि तिथे वर्षं लागतील हे त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं.

मी पारूबाईला रिक्षात बसवलं आणि तशीच पंचशीलाच्या घरी गेले. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. ती दारात बसून मेथी निवडत होती. मला बघून उठली नाही, पण पाट सरकवला.

"काय ठरलं होतं?" मी विचारलं.

"सव्वीस," ती म्हणाली.

मी पाटावर टेकले.

"सव्वीसच्या सव्वीस. आकडे बोटांवर, बाकीचं तळव्यावर बोटानं गिरवून. त्याच्या बदली दोन वरसं पगारवाढ मागायची न्हाई. पोराला कळू न देता अप्पाला आज साहेबापुढं सही करायची होती. आदी कळलं असतं तर पोरानं घरातच अडवलं असतं. त्याच्यासाठीच तर रुमाल घातला म्हाताऱ्यानं."

"मग मला एकटीला सांगायचं होतंस!"

"तुझ्या पोटात एक रात ऱ्हाईलं असतं का? खरं सांग. तू पारूबाईला बोलली असतीस, पारूबाई विनोदला, अन् विनोद त्या पोराला." मग ती मेथीच्या काड्या उगाच सारख्या करायला लागली. "अन् आणखी एक होतं. मनिषा. ती मी मागितली. सव्वीस झाल्यावर, शेवटी. मागताना मान वर झाली न्हाई माझी. तेबी तुला सांगावं लागलं असतं, म्हणून तोंडच उघडलं न्हाई."

आत मनिषा होती. भांड्यांचा आवाज मध्येच थांबला होता.

म्हणजे खडा होता. मला दिसला तो खोटा नव्हता. एवढा एक खडा होता, आणि त्याच्यापायी मी आख्खं पोतं उकिरड्यावर ओतून दिलं होतं. मला तिथेच हमसून रडू आलं. तिनं मला रडू दिलं. पाणी विचारलं नाही.

"हाताचं म्हणाली पारूबाई," थोड्या वेळानं तीच बोलली. "त्या माणसानं आजवर माझी साडी कठड्यावर ठिवली. तू बघितलंयस. त्या दिवशी हात दिला त्यानं. मला वाटलं, आता हा माणूस शब्द मोडायचा न्हाई. तुमाला नेमकी त्याच्यातच घाण दिसली."

मी म्हणाले, "माझ्यासंगं अप्पाच्या घरी चल. पाया पडते तुझ्या."

"पाया नको पडू. येते. माझ्या पोरीचंबी हाय त्यात."

शनिवारी सकाळी आम्ही दोघी गेलो. दार शिवशंकरनं उघडलं. अप्पांना बरं नाही म्हणाला. मग हसून म्हणाला, "आणि मावशी, सह्यांचं आता अप्पांनी माझ्याकडे दिलंय. काही असेल तर मिलमध्ये बोलू." दार लागलं. आतून अप्पांच्या खोकल्याचा आवाज येत होता. पंचशीला दाराकडे बघत जरा वेळ उभी राहिली. अप्पांनी खरंच सही केली असती का, की पंचशीलाला काढल्याचं निमित्त मिळालं म्हणून तेही मनातून सुटलेच होते, हे मला अजून कळलेलं नाही. तिला विचारायची माझी हिंमत नाही.

रविवारी लिंबाखाली पुन्हा सभा. मी सगळं सांगितलं. सव्वीसचं सांगितलं, मनिषाचंही सांगितलं, बुधवारच्या कागदाचं सांगितलं, आणि चूक माझी म्हणून सांगितलं. काही जणी रडल्या. काही जणींनी विश्वास ठेवला नाही. म्हणाल्या, आता काय, पंचशीला काहीबी सांगंल. तारामती उठून म्हणाली की तिला परत पुढारी करा. पण कशासाठी करणार? बोलीच उरली नव्हती. नांदेडला फोन लावला. ते म्हणाले, कोर्टात लढू या, पण मनाची तयारी ठेवा.

कोर्ट की अकरा, असं विचारलं तेव्हा अकराला सतरा हात वर झाले. मी एकेक तोंड बघत होते आणि मला सगळं स्वच्छ दिसत होतं. सतराही जणींनी अकरांत स्वतःला धरलं होतं. प्रत्येकीला वाटत होतं, माझा हात साफ आहे, माझी नजर तेज आहे, मुकादम मला नावानं ओळखतो. सतरा जणी अकरांत कशा बसणार, हे बोटांवर हिशोब करणाऱ्या पारूबाईनंही विचारलं नाही. पंचशीलानं हात वर केला नाही. मी केला. खोटं कशाला बोलू? मीही मला धरलं होतं.

सोमवारी साहेबांपुढे मी सही केली. पारूबाई शेजारी बसली होती. टेबल उघडं, कागद उघडा, माझे दोन्ही हात टेबलावर, सगळ्यांना दिसतील असे. शिवशंकर फक्त "इथे, आणि इथे" एवढंच म्हणाला.

चार वाजता यादी गेटवर लागली. विनोदनं चिकटवली आणि तो पटकन आत निघून गेला. आम्ही पंचवीस जणी पुढे सरकलो. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तारामती वाचून दाखवत होती. पहिलं नाव माझं होतं. पंचशीलाचं नव्हतं. पंचशीलाच्या वस्तीतल्या दोघी होत्या, त्यांत तारामती नव्हती. पारूबाईचं नव्हतं.

पंचशीलानं पुढे येऊन यादी बघितली नाही. ती रस्त्याच्या पलीकडे ऑटोची वाट बघत उभी होती. बाकीच्या बायका हळूहळू पांगल्या. माझ्याजवळून जाताना कुणी काही म्हणालं नाही, आणि मला कळलं की त्या वळणापलीकडे गेल्यावर बोलणार आहेत. आजवर मीही तेच केलं होतं.

पारूबाई एकटी थांबली. पदरानं तोंड पुसून तिनं माझ्याकडे बघितलं. ती नजर मला अनोळखी नव्हती.

"तुझं नाव कसं काय ऱ्हायलं गं, शिवगंगा? अन् तेबी पयलं?"

"मला काय ठावं?" मी म्हणाले. "सही करताना तू माझ्या शेजारीच बसली होतीस की."

"बसले होते की," पारूबाई म्हणाली. "तूबी बसलीच होतीस पंचशीलाच्या शेजारी."